अंदमानची हिवाळी सहल: परतीच्या विमानापासून उलटं आखायचं नियोजन

अंदमानची सहल आखताना बहुतेक जण आधी स्वस्तातलं विमान पकडतात, मग हॉटेलं ठरवतात आणि बेटांमधल्या बोटींचा विचार अगदी शेवटी करतात. गणित चुकतं ते इथेच. तिथे दिवसाचं वेळापत्रक बोट, भरती-ओहोटी आणि लवकर मावळणारा सूर्य ठरवतात. हॉटेल बदलता येतं, टॅक्सी जादा पैशात मिळते. पण सकाळची बोट भरलेली असेल किंवा समुद्र खवळला असेल, तर पैसे मोजूनही तुम्ही बेटावरून हलू शकत नाही. म्हणून सहल शेवटाकडून सुरुवातीकडे आखायची. ती कशी, ते पुढे पाहू.

आधी नावांचा गोंधळ दूर करू, कारण तिकिटं काढताना तो हमखास आडवा येतो. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराला श्री विजयपुरम हे नाव मिळालं. काही संकेतस्थळांवर जुनी नावं दिसतात, काहींवर नवी, बोटीच्या तिकिटावर कधी दोन्ही. बेटं तीच आहेत. टॅक्सीवाले आणि हॉटेलवाले बोलताना अजून हॅवलॉक, नील असंच म्हणतात, म्हणून या लेखातही तीच नावं ठेवली आहेत.

कधी जायचं

महाराष्ट्रातल्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीत असते, आणि नेमकी तीच वेळ अंदमानसाठी अवघड असते. आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबरात ओसरतो, पण अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या मागोमाग ईशान्य मोसमी पाऊस येतो. पोर्ट ब्लेअरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो मेपासून पार नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबतो. बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा एक हंगामही ऑक्टोबर ते डिसेंबर हाच. डिसेंबर २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात अशाच एका वादळामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती.

मग योग्य काळ कोणता? हवामान आणि खर्च दोन्ही पाहिलं तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. पाऊस जवळपास थांबलेला असतो, समुद्र शांत होत जातो, पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. दिवसाचं तापमान ३० अंशांच्या आसपास, रात्रीचं २२-२३. स्वेटर लागत नाही. नाताळ ते ५ जानेवारी हा काळ हवेच्या दृष्टीने बरा असतो, पण हॉटेलांचे दर दुप्पट होतात आणि बोटींची तिकिटं महिनाभर आधीच संपतात. २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्याही टाळलेल्या बऱ्या. मुलांच्या शाळेमुळे नाताळातच जायचं असेल तर निघण्याची तारीख २० डिसेंबरच्या आसपास धरा आणि २७-२८ ला परत या. नववर्षाच्या गर्दीतून तेवढीच सुटका होते.

दिवाळीतच जायचं ठरलं असेल तर जा, पण दोन दिवस जास्तीचे ठेवा आणि पूर्ण परतावा देणारी हॉटेलं घ्या.

किती दिवस लागतात

पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील ही तीन ठिकाणं नीट पाहायला सात रात्री लागतात. पाच रात्रींतही लोक जाऊन येतात, पण त्यातले तीन अर्धे दिवस बोटीच्या धक्क्यांवर आणि विमानतळावर जातात. पाचच रात्री हातात असतील तर नील सोडा आणि हॅवलॉकला तीन रात्री राहा. दोन्ही बेटांना धावती भेट दिली की एकही बेट लक्षात राहत नाही.

परतीच्या विमानापासून मागे या

कागद घ्या आणि सर्वांत खाली परतीच्या विमानाची तारीख लिहा. आता वर सरकत जा.

परतीच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच. हा नियम मोडू नका. बहुतेक विमानं सकाळी ते दुपारी सुटतात आणि नील किंवा हॅवलॉकहून त्याच सकाळी बोटीने येऊन विमान गाठण्याचा बेत वारा वाढला की कोसळतो. शक्य असेल तर पोर्ट ब्लेअरमध्ये दोन रात्री ठेवा. त्यातला एक पूर्ण दिवस हाच तुमचा राखीव दिवस. बोटी वेळेवर आल्या तर तो दिवस रॉस किंवा जॉली बॉय बेटासाठी वापरायचा. एखादी बोट रद्द झाली तर तो खर्ची घालायचा. राखीव दिवस सहलीच्या शेवटी असावा, सुरुवातीला ठेवून काही उपयोग नाही.

त्याच्या वर स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याची अट. पाण्याखाली दाबाच्या हवेत श्वास घेतल्यावर रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन सांधे, त्वचा, गंभीर वेळी मेंदूपर्यंत त्रास होऊ शकतो. एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकाहून अधिक केल्या असतील तर किमान १८ तास असा सर्वमान्य दंडक आहे. सरळ २४ तास धरा. म्हणजे स्कूबा हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, शेवटच्या दिवशी नाही.

या सगळ्यातून जो आराखडा निघतो तो असा:

पहिला दिवस: दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअर, संध्याकाळी सेल्युलर जेल.
दुसरा: सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दुपारी साडेतीनला राधानगर किनारा.
तिसरा: सकाळी स्कूबा, दुपारी आराम.
चौथा: पहाटे काळापत्थर, सकाळी एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग (तोंडात नळी धरून तरंगत पाण्याखालचं पाहणं), संध्याकाळी विजयनगर.
पाचवा: सकाळी किंवा दुपारच्या आत नील, संध्याकाळी लक्ष्मणपूर.
सहावा: ओहोटीच्या वेळेनुसार नैसर्गिक दगडी पूल आणि भरतपूर, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअर.
सातवा: राखीव. सगळं सुरळीत असेल तर रॉस किंवा जॉली बॉय.
आठवा: परतीचं विमान.

पहिल्याच दिवशी विमानातून उतरून थेट हॅवलॉकची बोट पकडण्याचा सल्ला बरेच जण देतात. विमान सकाळी नऊच्या आत उतरत असेल आणि बोट दुपारी असेल तर ते जमतं. मध्ये चार तासांहून कमी वेळ असेल तर नको. विमान तासभर उशिरा आलं की बोटीचे पैसे जातात आणि पुढच्या बोटीत जागा मिळेलच असं नाही.

विमान

मुंबई किंवा पुण्याहून जाताना सहसा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावं लागतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून पुढचा प्रवास साधारण सव्वादोन तासांचा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढून हजार-दीड हजार वाचतात, पण पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही, आणि सामानही मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं. मुंबईहून रात्री उशिरा निघून पहाटे चेन्नई आणि सकाळी पोर्ट ब्लेअर हा मार्ग वेळेच्या दृष्टीने सर्वांत चांगला, कारण पहिला दिवस पूर्ण मिळतो. मात्र सोबत वयस्कर मंडळी असतील तर चेन्नईत रात्रीचा मुक्काम करून सकाळचं विमान घ्या. जागरण झालेलं माणूस दुसऱ्या दिवशी बोटीत हटकून आजारी पडतं.

वीर सावरकर विमानतळ शहराला लागूनच आहे. मध्य शहरातल्या कुठल्याही हॉटेलात पंधरा-वीस मिनिटांत पोहोचता येतं. भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी वेगळा परवाना लागत नाही.

बोटीची तिकिटं

विमान पक्कं झालं की हॉटेलाच्या आधी बोट. दोन प्रकार आहेत. सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात. त्या स्वस्त आहेत, पण तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात, स्थानिकांना प्राधान्य असतं आणि असायलाच हवं, कारण त्यांच्यासाठी ती एसटी आहे. खासगी वातानुकूलित बोटी हॅडो धक्क्यावरून सुटतात: मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे. यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी मिळतात. एका टप्प्याचं भाडं आसनानुसार साधारण १००० ते २५०० रुपयांच्या दरम्यान पडतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक वेगवान बोटीला दीड तास, संथ बोटीला दोन ते अडीच. हॅवलॉक ते नील पाऊण ते एक तास.

दोन्ही धक्के शहरातच असले तरी वेगळे आहेत. तिकिटावरचं नाव वाचा आणि टॅक्सीवाल्याला तेच सांगा. चुकीच्या धक्क्यावर उतरून बोट चुकवणारे दर हंगामात असतात. बोट सुटण्याच्या तासभर आधी पोहोचा. सामान तपासलं जातं आणि प्रत्येक प्रवाशाचं मूळ ओळखपत्र पाहतात. लहान मुलांचंही आधार कार्ड सोबत ठेवा. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे.

सकाळची बोट घ्या. सकाळी समुद्र शांत असतो, दुपारनंतर वारा धरतो. शिवाय दुपारी दोनच्या बोटीने हॅवलॉकला साडेतीन-चारला उतरलात तर सामान टाकून राधानगरला पोहोचेपर्यंत सूर्य बुडालेला असतो, आणि पहिला दिवस वाया जातो.

ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागते. मळमळीवरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि ती बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग होत नाही, पोटात टिकतच नाही. जागा निवडायला मिळाली तर खालच्या मजल्यावर, मधल्या किंवा मागच्या ओळीतली घ्या. बोटीचं पुढचं टोक सर्वांत जास्त वर-खाली होतं, आणि नेमक्या तिथल्याच जागा देखाव्यासाठी महाग विकतात. रिकाम्या पोटी बसू नका, भरपेट इडली-वड्यावरही नको. दोन बिस्किटं, एक केळं पुरे. मोबाइलकडे पाहत बसण्याऐवजी खिडकीतून क्षितिजाकडे पाहा.

हवामान खात्याने इशारा दिला की सगळ्या बोटी थांबतात. खराब हवामानामुळे कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात किंवा पुढची बोट देतात. हॉटेलचे पैसे मात्र त्यात धरलेले नसतात. म्हणून नीलचं हॉटेल फुकट रद्द करता येणारं घ्या.

सूर्य पाचला मावळतो

हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलं तर अर्धी सहल सुधारते. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ आपलंच, भारतीय प्रमाणवेळेचं. वीस रेखांश म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सुमारे ८० मिनिटं. डिसेंबरच्या मध्यात तिथे साडेपाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. जानेवारीअखेर सव्वापाच-पाच वीस.

म्हणजे सकाळी नऊला नाश्ता, अकराला बाहेर हा सुट्टीतला क्रम तिथे चालत नाही. अकरा वाजले की तिथली भर दुपार. पहाटे पाचला उठा, साडेसातच्या आत नाश्ता, पाण्यातली सगळी कामं अकरापर्यंत, मग जेवण आणि झोप, साडेतीनला सूर्यास्ताचा किनारा. रात्री आठला बहुतेक गाव शांत होतं. मुलांना पहिल्या दिवशीपासूनच लवकर झोपवलं तर तिसऱ्या दिवशी कुरकुर होत नाही.

भरती, ओहोटी आणि तिथी

तारखा ठरवताना भिंतीवरचं पंचांग काढा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते आणि तितकीच खोल ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. अंदमानातही दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या होतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. मात्र कोकणातला तिथीला तीनने गुणून चारने भागण्याचा हिशेब तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तो आपल्या किनाऱ्यासाठी आहे. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक इंटरनेटवर मिळतं. तुमच्या सहलीच्या आठ दिवसांच्या वेळा लिहून घ्या.

त्याचा उपयोग काय? नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच पाहता येतो. खडकांवरून चालत जावं लागतं, ओहोटीच्या आधी-नंतरचा दीड तास हीच वेळ. उलट नीलच्याच भरतपूर किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं उतरतं की प्रवाळ उघडं पडतं आणि पोहायला जागाच राहत नाही. तिथे भरती हवी. हे न पाहता गेलेले पर्यटक दोन्ही ठिकाणी निराश होतात आणि नीलमध्ये काही नाही असं सांगत परततात. नील फार सुंदर आहे. त्याची वेळ पाळावी लागते, इतकंच.

अमावास्येच्या चार दिवस मागे-पुढे हॅवलॉकला असाल तर आणखी एक गोष्ट साधते. अंधाऱ्या रात्री कांदळवनाच्या शांत पाण्यात वल्हं मारलं की सूक्ष्मजीवांचा निळसर उजेड चमकतो. त्यासाठी रात्रीच्या कयाक फेऱ्या असतात. चांदण्या रात्री तो उजेड दिसत नाही. निवड आपल्या हातात असेल तर अमावास्येच्या जवळच्या तारखा घ्या: पुलासाठी खोल ओहोटी आणि रात्री हा उजेड, दोन्ही मिळतात.

हॅवलॉक

धक्क्यापासून राधानगर सुमारे १२ किलोमीटर, बेटाच्या पश्चिमेला. विजयनगर आणि काळापत्थर पूर्वेला. सूर्यास्त राधानगरला, सूर्योदय काळापत्थरला, हे उलटं करू नका. राधानगरचा वाळूचा उतार सौम्य आहे आणि किनाऱ्यामागे उंच जंगल उभं आहे; २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन मिळालं. राहायला मात्र पूर्व किनारा सोयीचा. बाजार, स्कूबा केंद्रं, खानावळी तिकडेच आहेत. हॉटेल निवडताना एक ध्यानात घ्या: पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ओहोटीला पाणी दूर जातं, म्हणून समुद्राला लागून असलेल्या महागड्या खोलीसमोर पोहता येईलच असं नाही.

फिरायला स्कूटर भाड्याने मिळते, दिवसाला साधारण पाचशे-सातशे रुपये. मूळ वाहन परवाना लागतो. हेल्मेट मागून घ्या आणि गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो ताब्यात घेण्याआधी काढा.

एलिफंट बीचला जाण्यासाठी धक्क्यावरून छोट्या बोटी सकाळी सुटतात, वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. जंगलातून पायवाटही आहे, पण पावसानंतर चिखल असतो. पहिल्याच बोटीने जा. दहा वाजले की गर्दी आणि गढूळ पाणी दोन्ही वाढतात. स्नॉर्कलिंगमध्ये पाठ पाण्यावर तरंगत राहते आणि उन्हाने सोलून निघते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हवाच. प्रवाळावर उभं राहू नका, हातही लावू नका. ते जिवंत आहे, वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते सेंटिमीटर वाढतं, आणि त्याने तुम्हाला कापलं तर जखम लवकर भरत नाही.

स्कूबासाठी पोहता येणं आवश्यक नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या डाइव्हमध्ये प्रत्येकासोबत एक प्रशिक्षक असतो, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, पाण्याखालचा वेळ वीस ते तीस मिनिटं. किमान वय १० वर्षं. केंद्र निवडताना दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रशिक्षक एकास एक असतो का, आधी उथळ पाण्यात सराव किती मिनिटं करवतात, आणि आरोग्याचा फॉर्म भरून घेतात का. फॉर्म न देता पाण्यात उतरवणारं केंद्र सोडून द्या. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर लपवू नका. डाइव्ह सोडून द्या किंवा डॉक्टरांचं लेखी मत घेऊन जा.

पाण्याखाली चुका होतात त्या दोन. पहिली कानांची. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे मधल्या कानात हवा जाते; हे दुखायला लागण्याआधी, दर मीटरला करायचं. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. वर जायची खूण करा, मीटरभर वर या, पुन्हा प्रयत्न करा. सर्दी असेल तर हवा जातच नाही, त्यामुळे त्या दिवशी डाइव्ह नको. दुसरी चूक श्वास रोखण्याची. वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, म्हणून तोंडाने संथ श्वास सतत चालू ठेवायचा.

नील

बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम पाच किलोमीटर. सायकल पुरते. गावांची नावं वाचून मराठी माणूस थबकतो: सीतापूर, रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं गेलं, आणि बेटाच्या गावांना रामायणातली नावं मिळाली. शेजारच्या हॅवलॉकला गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर. ही माणसं भाजी पिकवतात आणि अंदमानच्या बाजाराला पुरवतात. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला. पुलाकडे जाताना ओल्या खडकांवर घट्ट पकडणारी, भिजली तरी चालणारी पादत्राणं घाला. साध्या चपला घसरतात आणि गुडघे फुटतात. स्थानिक वाटाड्या घेतलात तर खडकांतल्या डबक्यांमधले समुद्री काकडी, तारामासे, खेकडे दिसतात, एरवी नजरेतून सुटतात.

पोर्ट ब्लेअर

सेल्युलर जेलला किमान दोन तास द्या. १८९६ ते १९०६ या काळात ते बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यातून फुटणाऱ्या सात इमारती होत्या, आज तीन उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसूच नये. वि. दा. सावरकरांना ४ जुलै १९११ रोजी इथे आणलं गेलं आणि १९२१ पर्यंत ते इथे होते. थोरले बंधू बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते. महाराष्ट्रातून येणारी मंडळी थेट सावरकरांच्या कोठडीकडे जातात. ती पाहाच, पण संगमरवरी फलकांवरची बंगाल आणि पंजाबच्या क्रांतिकारकांची लांबलचक यादीही थांबून वाचा, आणि अंगणातला तेलाचा घाणा पाहा. दुपारी मध्यंतरात दार बंद असतं आणि सुट्टीचे दिवसही असतात, हॉटेलात आधी विचारा. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचं हिंदी खेळाचं तिकीट गर्दीत सर्वांत आधी संपतं, तेव्हा आधीच काढा.

राखीव दिवस मोकळा मिळाला तर दोन पर्याय. रॉस बेट बोटीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. इंग्रजांचं जुनं मुख्यालय तिथे होतं, आता त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे. वयस्कर मंडळींना हे झेपतं. दुसरा पर्याय महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय: वांडूरहून बोट, आधी परवाना, सोमवारी बंद. पाण्याखालचं प्रवाळ तिथे फार समृद्ध आहे, कारण ते बेट वर्षातला काही काळ पर्यटकांना बंद ठेवतात. प्लास्टिकची पिशवी, पाकीटबंद खाऊ नेता येत नाही. मुलांचा खाऊ स्टीलच्या डब्यात भरा.

बाराटांगची चुनखडीची गुहा जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये असते. पहाटे तीनला निघून अंदमान ट्रंक रोडने जावं लागतं आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग नाक्यावरून ताफ्यातच गाड्या सोडतात. थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा तुरुंगवास होऊ शकणारा गुन्हा आहे. इतकं असूनही पॅकेज विकताना वाटेत आदिवासी दिसतील असं सांगितलं जातं, हे लाजिरवाणं आहे. सात रात्रींच्या सहलीत बाराटांग वगळा. तो दिवस समुद्राला द्या.

सामान, पैसे, फोन

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल आली आणि इंटरनेट बरंच सुधारलं. तरी हॅवलॉकच्या काही भागात आणि नीलवर सिग्नल जातो, आणि सिग्नल गेला की यूपीआयही जातं. चौघांच्या कुटुंबाने आठ-दहा हजार रुपये रोख, त्यातले बरेच शंभर-दोनशेच्या नोटांत, पोर्ट ब्लेअरमधूनच काढून घ्यावेत. बेटांवर एटीएम मोजकीच आहेत आणि सुट्टीच्या गर्दीत रिकामी होतात. तिकिटं, आधार, हॉटेलचे तपशील फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक कागदी प्रत जवळ ठेवा.

माणशी एक मध्यम बॅग पुरे, कारण धक्क्यावर ती स्वतः उचलावी लागते. सुती कपडे, दोन पोहण्याचे जोड, टोपी, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, विजेरी, ओआरएसची पाकिटं, कानाचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील तर ते, रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात. डास पळवणारं मलम लावा, पाय झाका, वाळूत थेट बसण्याऐवजी चटई घ्या. खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि आठवडाभर टिकते.

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. जैन जेवण हवं असेल तर हॉटेलला आदल्या रात्री सांगा.

पाण्यात उतरताना

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीची तोंडं आणि कांदळवनाजवळचं पाणी ही त्यांची जागा. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका आडबाजूच्या खाडीत मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक तरुणीचा मृत्यू झाला होता. जिथे जीवरक्षक आणि जाळं आहे त्याच पट्ट्यात पोहा, इशाऱ्याचा फलक असेल तिथे गुडघाभरही उतरू नका, सूर्य मावळला की पाण्याबाहेर.

ही बेटं भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतात. २००४ च्या २६ डिसेंबरची त्सुनामी इथल्या लोकांनी भोगली आहे. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हलली किंवा समुद्र अचानक मागे गेला तर सामान तिथेच सोडून चढावर पळा. हॉटेलात पोहोचल्यावर सर्वांत जवळची उंच जागा कुठली, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

निघण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना मुलांचे खिसे आणि डबे तपासा. किनाऱ्यावर सापडलेला शंख, प्रवाळाचा वाळलेला तुकडा विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतात, आणि संरक्षित जातीचा निघाला तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाई होऊ शकते. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असेल तर पक्की पावती हाताच्या बॅगेत, वरच ठेवा.